झाकणाची आतली बाजू

इंदूला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा मुकुंदरावांना तो क्रूस सापडला.

सदऱ्याचं बटण तुटलं होतं. सुई-दोरा शोधायला म्हणून त्यांनी शिवणयंत्राचा खण ओढला. आत रिळं, खडू, कातरीचं मोडकं पातं होतं आणि पार मागे पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड. रुमाल सोडला तर वीतभर लांबीचा काळ्या लाकडाचा क्रूस, त्यावर पितळेची येशूची मूर्ती. मूर्तीचे पाय घासून अगदी गुळगुळीत झालेले. आधी इंदूची आई आणि मग इंदू, दोघी रोज त्या पायांना ओठ लावायच्या.

मुकुंदराव स्टुलावर बसले. बटण हातातच राहिलं.

हॉस्पिटलमध्ये इंदूनं सांगितलं होतं, "अहो, ऐकताय ना? यंत्राच्या खणात आईचा क्रूस आहे. माझ्या पेटीच्या झाकणावर तो लावायचा. दुसरा नाही. लावाल ना?"

"हो, लावीन," असं ते लगेच म्हणाले होते.

आणि त्यांनी लावला नव्हता.

मुकुंदराव ओहोळ सुतार होते. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या मिशन शाळेत त्यांनी चौतीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं. बाकं, खिडक्या, काळे फळे केले आणि त्यासोबत गावातल्या ख्रिस्ती माणसांच्या शवपेट्याही केल्या. प्रोटेस्टंट असो की कॅथलिक, कोणी गेलं की माणूस हजीरा भागातल्या त्यांच्या घरी यायचा. मागच्या पडवीत फळ्या उभ्या असायच्या. रीत ठरलेली होती. प्रोटेस्टंट घरची पेटी असली की झाकणावर सागवानाच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या ठोकायच्या. साधा क्रूस, त्यावर कोणी नाही. कॅथलिक घरची असली की जागा मोकळी सोडायची. घरचे लोक आपला मूर्तीचा क्रूस घेऊन यायचे, मुकुंदराव तो बसवून द्यायचे. यात त्यांची कधी गफलत झाली नाही. अलीकडे मात्र तयार पेट्या मिळू लागल्या होत्या आणि तीन वर्षांत त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं.

इंदू कॅथलिक होती. वैजापूरकडची. मुकुंदराव नेवाशाकडचे, आजोबांपासून प्रोटेस्टंट. नोकरीच्या निमित्तानं ग्वाल्हेरला आले आणि इथेच राहिले. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. मग हळूहळू सगळ्यांना सवय झाली. दर रविवारी मुकुंदराव सायकलवर इंदूला तिच्या चर्चच्या फाटकाशी सोडायचे आणि पुढे आपल्या चर्चला जायचे. तिची मिस्सा, म्हणजे तिच्या चर्चची उपासना, तासात आटपायची. यांचा उपदेशच तासभर चालायचा. इंदू फाटकाशी वाट बघत उभी.

"तुमचा पाळक देवालासुद्धा बोलू देत नाही वाटतं," ती कॅरिअरवर बसता बसता म्हणायची.

"तुमच्या फादरला काय घाई असते पण?"

"त्याला ठाऊक आहे, घरी जाऊन भात लावायचा असतो."

चव्वेचाळीस वर्षं हे असंच चाललं. सायकलची स्कूटर झाली एवढाच फरक.

भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवर. इंदू म्हणायची, मेल्यावर मी काही सरळ वर जाणार नाही. मी काय काय केलंय ते मला ठाऊक आहे. आधी शुद्धिस्थानात थांबावं लागेल, तिथे धुऊन निघाले की मग वर. तोवर तुम्ही माझ्यासाठी मागत जा, दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, फादरकडे माझं नाव देत जा.

मुकुंदराव चिडायचे. "येशूनं एकदा सगळं धुऊन काढलं. मग परत कसलं धुणं?"

"पांढरं लुगडं दोनदा धुतलं म्हणून फाटत नाही," इंदू म्हणायची आणि भाजी चिरत राहायची.

मुकुंदरावांना लहानपणापासून एवढंच शिकवलं होतं, की डोळे मिटले की माणूस प्रभूच्या हातात. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले उठतील, तोवर मागं राहिलेल्यांनी काही करायचं नसतं. करून उपयोगही नसतो.

फेब्रुवारीत इंदू गेली त्या सकाळी त्यांनी पडवीत पेटी करायला घेतली. अभिराम, त्यांचा मुलगा, म्हणत होता, पप्पा, राहू द्या, रेडी मिळते, मी फोन करतो. ते ऐकले नाहीत. आंब्याच्या फळ्या रंधल्या, पेटी जोडली, झाकण केलं आणि झाकणावर सागवानाच्या दोन पट्ट्या ठोकल्या. हात आपोआप चालले. आजवर ते दुसऱ्यांच्या घरची पेटी करत आले होते, तेव्हा आधी विचारायचे, कोणाची? त्या दिवशी विचारायला कोणी नव्हतं. ही आपल्या घरची पेटी होती, आणि आपलं घर म्हटल्यावर त्यांच्या हातांना एकच क्रूस माहीत होता. मग वर फुलं पडली, चादर पडली. फादरनी प्रार्थना म्हटली, पेटी खाली गेली. कोणी काही बोललं नाही. बहुतेक कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आता ऑक्टोबर चालू होता. मुकुंदरावांनी तो क्रूस परत रुमालात गुंडाळला आणि बटण तसंच ठेवून बाहेर पडले.

*

आधी ते आपल्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब भले माणूस, पण तीन गावच्या चर्चच्या मंडळ्या त्यांच्या गळ्यात होत्या. डबरा, भिंड, ग्वाल्हेर असा त्यांचा आठवडा जायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"मुकुंदराव, लाकडानं काय होतंय? इंदुताई विसावल्यात. तुम्ही शांत राहा."

"ती शांत आहे का पण, साहेब?"

"प्रभूजवळ आहेत म्हटल्यावर शांतच की."

"ती म्हणायची, थांबावं लागेल."

"ती त्यांची शिकवण. आपली तशी नाही, तुम्ही मंडळीचे वडील आहात, तुम्हाला काय सांगायचं!"

"तिची शिकवण खरी निघाली तर?"

पाळकसाहेबांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी प्रार्थना केली. चांगली केली. इंदूसाठी मात्र तिच्यात एक शब्द नव्हता. सगळी मुकुंदरावांच्या सांत्वनासाठी होती. आमेन म्हणताना मुकुंदरावांच्या मनात आलं, मला कुठे काय झालंय? मी तर इथे चहा पितोय.

दुसऱ्या दिवशी ते कॅथलिक चर्चच्या फादरांकडे गेले. चव्वेचाळीस वर्षांत फाटकाच्या आत ते मोजून पाच-सहा वेळा गेले असतील. फादर झारखंडकडचे, तरुण, पायात स्लीपर, बागेला पाणी घालत होते.

"जय येसु, मुकुंद जी! आइए, आइए."

मुकुंदरावांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात ठेवला आणि झालं ते आपल्या मोडक्या-तोडक्या हिंदीत सांगितलं. पन्नास वर्षं इथे काढून त्यांची हिंदी बाजारापुरतीच होती. मनातलं काही सांगायचं झालं की मराठीच यायची. फादर ऐकत होते. पाण्याचा पाइप एकाच कुंडीत वाहत राहिला.

"इसमें आपका कोई पाप नहीं है," फादर म्हणाले. "ईश्वर लकड़ी नहीं देखता."

"लेकिन उसने माँगा था."

"हाँ. आपने भूल की. भूल, पाप नहीं."

"कबर खोल के लगा सकते हैं?"

फादर दचकले. "नहीं, नहीं. ऐसा नहीं करते. आप उसका नाम दीजिए. दो तारीख को हम कब्रों पर जाएँगे, सब नाम पढ़ेंगे. आप प्रार्थना कीजिए, आपकी प्रार्थना से उसको मदद मिलेगी."

"वो अभी उधर है? उस जगह?"

"हम आशा रखते हैं."

"उधर आग है?"

"आग मत सोचिए. इंतज़ार सोचिए."

"कितने दिन का?"

फादरनी नळ बंद केला. "वहाँ दिन नहीं होते, मुकुंद जी."

मुकुंदरावांनी कागदावर नाव लिहून दिलं. इंदू मुकुंद ओहोळ. ज्या गोष्टीवर चव्वेचाळीस वर्षं भांडले ती आज आपल्याच हातानं करत होते, आणि करूनही बरं वाटत नव्हतं. आग असती तर विझवायची तरी गोष्ट होती. इंदू फाटकाशी वाट बघत उभी आहे आणि आपला उपदेश अजून संपत नाही, असं काहीसं त्यांना दिसत राहिलं.

*

रविवारी ते शहरातल्याच थाटीपुरला अभिरामकडे जेवायला गेले. अभिराम सरकारी नोकरीत, क्वार्टर मिळालेलं. सहा वर्षांपूर्वी त्यानं बापाचं चर्च सोडलं आणि एका नव्या फेलोशिपमध्ये जाऊ लागला. तिथे गाणी मोठ्यानं म्हणतात, हात वर करतात आणि प्रभूच्या येण्याची रोज वाट बघतात. सुनेचं, अपर्णाचं, मूळचं चर्च वेगळं होतं, पण तीही आता तिथेच रमली होती.

बैठकीच्या भिंतीवर एक लांबलचक छापील तक्ता होता. डावीकडे सृष्टीची उत्पत्ती, उजवीकडे नवं आकाश आणि नवी पृथ्वी, मधे रेघा, बाण, वर्षं. मुकुंदराव तो आधीही बघत आले होते, पण सुतार जसा दुसऱ्याचं काम बघतो तसा. सांधे कुठे आहेत आणि ढिले तर नाहीत एवढंच. आज चष्मा लावून त्याच्यासमोर उभे राहिले.

"यातलं आता कुठलं चाललंय?"

अभिराम उत्साहानं उठला. बापानं पहिल्यांदाच विचारलं होतं. "हे बघा पप्पा, आपण इथे. अगदी कडेला. याच्यापुढे बाण वर जातो ना, ते म्हणजे मंडळी उचलली जाणार, विश्वासणारे सगळे वर. कधीही. आज, आता, जेवता जेवता. मग खाली सात वर्षं महासंकट. मग प्रभू राज्य करायला येणार, हजार वर्षं. सगळे साइन्स दिसतायत पप्पा, रोज न्यूज बघा तुम्ही."

"पप्पा न्यूज नाही बघत, त्यांना रेडिओवर भाव ऐकायचे असतात," अपर्णा आतून म्हणाली. "पप्पा, भाजीत तिखट कमी घातलंय हं, चलेगा ना?"

"चालेल गं." मुकुंदराव तक्त्यावरून नजर न काढता म्हणाले. "अभि, यात तुझी आई कुठे आहे? बोट ठेव."

अभिरामचं बोट वर आलं आणि बाणापाशी थांबलं. "जे प्रभूत निजलेत, ते आधी उठतील. मग आपण, जे जिवंत असू ते."

"तुझी आई प्रभूत निजली का?"

बोट खाली आलं.

मुकुंदरावांनी खिशातून रुमाल काढला, क्रूस टेबलावर ठेवला आणि झालेली चूक सांगितली. अभिराम क्रूसाकडे बघत राहिला. लहानपणी तापात पडला की इंदू हाच क्रूस त्याच्या उशाखाली ठेवायची.

"चांगलंच झालं की मग, पप्पा," तो हळू म्हणाला. "मूर्ती नाही गेली बरोबर. देवानंच तुमचा हात धरला असेल."

"देवानं धरला नाही. मी विसरलो."

"मग आता काय करायचंय?"

"दोन तारखेला नाव दिलंय. आणि हा तिच्या मातीत पुरायचाय. झाकणावर नाही तर निदान वर."

"पप्पा, नका जाऊ तिकडे." अभिराम म्हणाला. "मेलेल्यांसाठी प्रार्थना कुठे लिहिलीय? तुम्हीच मला शिकवलंय हे. और उसी टाइम प्रभु आ गए तो? तुम्ही तिकडे मेणबत्त्या घेऊन उभे, मी इकडे. मी वर जाऊन तुम्हाला शोधत फिरू? आधीच मम्मीचं..."

तो थांबला. अपर्णा हातात पळी घेऊन दारात उभी होती.

"मम्मीचं काय?" मुकुंदरावांनी विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी मी तिचा हात धरून प्रार्थना केली. प्रभू, हिला आपली म्हण, असं. तेव्हा ती आमेन म्हणाली. क्लिअर म्हणाली पप्पा, मी ऐकलं. मी त्यालाच धरून बसलोय. आठ महिने."

शेवटच्या चार दिवसांत इंदू सगळ्यालाच आमेन म्हणत होती. नर्स म्हणाली, आजी, कूस बदला, तरी आमेन. पोराच्या हातात तेवढा एकच शब्द होता. तो कसा काढून घ्यायचा?

"म्हणाली होती," ते म्हणाले. "मी पण ऐकलं."

जेवण कोणालाच गेलं नाही.

*

दोन नोव्हेंबरला दुपारी चारला मुकुंदराव कबरस्तानात पोचले. पिशवीत रुमाल, दोन मेणबत्त्या आणि लाकूड कोरायची एक जुनी पटाशी, माती उकरायला. कबरस्तान एकच, पण मधे कमरेएवढी भिंत. अलीकडे कॅथलिक, पलीकडे प्रोटेस्टंट. खड्डे मात्र दोन्हीकडचे उमाजी खणायचा. उमाजीचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते असं तो सांगायचा, आणि आपण कुदळीवर आलो म्हणून स्वतःच हसायचा.

"या मुकुंदराव. आज इकडच्या पार्टीत?"

"आज इकडे."

"बरं केलंत. भिंतीपलीकडे आज कोणी फिरकत नाही. तुमचे लोक एकदा पुरलं की विसरले. हे बघा कसे फुलं घेऊन आलेत." त्यानं पटाशीकडे पाहिलं. "हे काय? सुतारकी इथे कशाला?"

"इंदूच्या मातीत थोडं उकरायचंय. वीतभर."

उमाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. "कसली माती? पोरानं ऑगस्टात पक्कं केलं ना. तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. पावसात कबर खचली, कुत्री उकरू लागली, तेव्हा अभिरामनं रजा काढून, उन्हात उभं राहून सिमेंट करून घेतलं होतं. वर दगडावर बायबलातली एक ओळ. मुकुंदरावांनी तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. एवढ्या दिवसांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि अभिरामलाही त्या रविवारी सुचलं नव्हतं. डोक्यात इंदू म्हणजे अजून मातीच होती, फेब्रुवारीतली, ओली.

ते कबरीपाशी वाकले. पटाशी सिमेंटच्या कडेला लावून पाहिली. पटाशी लाकडासाठीची, सिमेंटसाठीची नव्हे. एक बारीक पांढरा ओरखडा उठला आणि धार गेली.

"छिन्नी-हातोडा आणू का?" उमाजीनं विचारलं. "पण पोरगं काय म्हणेल?"

"नको."

"वर ठेवून जा मग."

"राहील?"

"पितळ? दोन दिवसांत बाड्याच्या बाजारात भंगारात जाईल. मागच्या महिन्यात एका मडमेच्या कबरीचं अख्खं पितळी नाव उपसून नेलं. नाव! काय करणार तो नाव घेऊन?" आपल्या विनोदावर उमाजी एकटाच हसला. मग मुकुंदरावांचा चेहरा बघून म्हणाला, "बसा जरा. पाणी आणतो."

फादर आले. माणसं जमली. मुकुंदरावांनी क्रूस सिमेंटवर ठेवला, दोन्हीकडे मेणबत्त्या. वाऱ्यानं एक विझली. फादर नावं वाचू लागले. प्रत्येक नावामागून सगळे मिळून एक ओळ म्हणत, प्रभु, उसे अनंत शांति दे. मुकुंदरावांना ती ओळ पाठ नव्हती, पण दहा-बारा नावांत पाठ झाली. इंदूचं नाव आलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज निघाला नाही. ओठ हलले फक्त. बाकीच्यांनी म्हटलं. पुढचं नाव आलं.

संपलं. ज्यासाठी आठ दिवस झोप नव्हती ते एका श्वासात होऊन गेलं, आणि त्यांच्याच्यानं ती एक ओळही म्हणवली नाही.

फादर जवळ आले, क्रूसावर आणि कबरीवर पवित्र पाणी शिंपडलं, मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. सिमेंटवरचं पाणी लगेच सुकलं. आत काही गेलं नाही.

फाटकाबाहेर अभिराम होता. स्कूटर स्टँडवर लावून, भिंतीला टेकून. तो आत आला नव्हता, आणि निघूनही गेला नव्हता. मुकुंदराव बाहेर आले तेव्हा त्यानं आकाशाकडून नजर खाली आणली.

"चला, सोडतो," तो म्हणाला.

हजीऱ्यापर्यंतचा रस्ता खराब होता. क्रूस मुकुंदरावांच्या खिशात होता. स्कूटर खड्ड्यात आदळली की मांडीला टोचायचा.

*

पंधरा दिवसांनी अभिराम वडिलांकडे आला तेव्हा आतल्या खोलीत पलंग नव्हता. चटई होती. लग्नात मुकुंदरावांनी स्वतःच्या हातानं केलेला सागवानी पलंग मागच्या पडवीत फळ्या होऊन पडला होता.

"पप्पा! हे काय? तुम्ही झोपता कुठे?"

"खाली. पाठीला बरं असतं." मुकुंदराव रंध्यावरचा भुसा झाडत होते. "बरं झालं आलास. एक काम एकट्यानं होत नाहीये. टेप धर."

अभिरामनं फळ्या पाहिल्या, त्यांची रुंदी पाहिली. लहानपणापासून त्यानं पडवीत ही रुंदी पाहिलेली होती. त्याला विचारावं लागलं नाही.

"पप्पा, तुम्हाला याची गरजच पडणार नाही. प्रभू त्याआधी येणार."

"आला तर लाकूड वाया जाईल. एवढंच ना? धर."

"आणि रेडी मिळतात."

"मिळू दे."

झाकणाची फळी भिंतीला टेकवलेली होती. लांबी कापायची बाकी होती, पण वर सागवानाच्या दोन पट्ट्या बसवून झाल्या होत्या. साधा क्रूस. अभिरामनं त्यावरून बोट फिरवलं. काम नेहमीसारखंच चोख होतं.

"उलटी कर," मुकुंदराव म्हणाले.

अभिरामनं फळी फिरवली. आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, लाकूड कोरून खोबण केली होती आणि तिच्यात आजीचा काळा क्रूस बसवला होता. मूर्ती खाली बघणारी, म्हणजे झाकण लावल्यावर आत झोपलेल्याकडे बघणारी. चार पितळी स्क्रू. बाड्यामागच्या दुकानातून मुद्दाम आणलेले.

"वरून काही दिसणार नाही," मुकुंदराव म्हणाले. "पाळकसाहेब येतील, तुझे लोक येतील, त्यांना आपलाच क्रूस दिसेल. मला तिच्या बाजूला पुरणार नाहीत, भिंतीपलीकडे पुरतील, ते मला ठाऊक आहे. असू दे. तू म्हणतोस आधी उचलणार, फादर म्हणतात थांबावं लागणार, पाळकसाहेब म्हणतात आपल्याला कळायचं कारण नाही. मला काही कळत नाही, अभि. पण उठायचं सगळेच म्हणतात ना? तुझ्या तक्त्यात पण आहे."

"आहे."

"मग उठलो की हा हातात असेल. भिंत कमरेएवढीच आहे. नेऊन देईन तिचा तिला."

अभिराम फळी धरून उभा राहिला. "पप्पा, मला हे... मला माहीत असताना मी हे कसं लावू? ही मूर्ती तुमच्याबरोबर... मला भीती वाटते. तुमच्यासाठी."

"तुला काही लावायचं नाही. लावून झालंय. तू फक्त काढायचा नाही. आणि पेटी दुसरी आणायची नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. अभिरामनं फळी तशीच उलटी भिंतीला टेकवली.

मुकुंदराव पडवीच्या फरशीवर आडवे झाले. गुडघे दुखत होते, एका हातानं भिंत धरून टप्प्याटप्प्यानं झाले. मग पाय सरळ केले आणि हात छातीवर घेतले. "टाचेपासून धर. डोक्याला टेकव, केसांना नाही."

टेप सरसरत गेली. तिचा पत्रा वाजला.

"पाच फूट चार."

"नीट बघ. मी साडेपाच होतो."

"पाच चार आहे, पप्पा."

"बरं. त्यावर तीन इंच धरायचे. लिही."

अभिरामनं खाली पडलेली पेन्सिल उचलली आणि फळीच्या कडेला आकडा लिहिला. मुकुंदराव झोपलेलेच होते. खालून त्यांना पोराचा चेहरा उलटा दिसत होता, आणि त्याच्या मागे झाकणाची आतली बाजू.

"अभि, काढणार नाहीस ना?"

अभिराम टेप गुंडाळत राहिला. पूर्ण गुंडाळून झाली तरी ती हातात फिरवत राहिला.

"मला नाही माहीत, पप्पा," तो म्हणाला.

मुकुंदरावांनी उठायला हात पुढे केला. इंदूनंही त्यांना असंच विचारलं होतं, आणि ते लगेच हो म्हणाले होते.